पतसंस्थेच्या ॲपचं लॉगिन अंध-दिव्यांग सभासदांना जमेल असं करायचंय, ऑडिटर अडून बसलाय

रंकाळा_कोड

नमस्कार मंडळी. आमची छोटी कंपनी आहे कोल्हापुरात, एका पतसंस्थेचं पोर्टल आणि अँड्रॉइड ॲप आम्ही सांभाळतो. यंदाच्या वार्षिक सभेत एक अंध सभासद उठले आणि म्हणाले, माझ्याच ठेवीचा बॅलन्स बघायला मला दरवेळी पुतण्याला पासवर्ड सांगावा लागतो, मग तो पासवर्ड कसला? चेअरमन साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं की दिव्यांगांसाठी वेगळं सोपं लॉगिन काढू, टाळ्या पडल्या आणि काम आलं माझ्या गळ्यात.

आत्ता असं आहे: सभासद क्रमांक, मग पासवर्ड (मोठं अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह सगळं हवं, आणि दर ४५ दिवसांनी बदलायचा), मग वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा, मग ओटीपी, तो सहा वेगवेगळ्या चौकोनांत टाकायचा, ६० सेकंदांत. पेस्ट बंद आहे. दोन मिनिटं हात लावला नाही तर बाहेर. आधीच्या लोकांनी बांधलेलं आहे हे सगळं पण शिव्या आता मलाच.

ऑडिटर म्हणतो कॅप्चा काढला तर बॉट घुसतील आणि पेस्ट चालू केलीत तर रिपोर्टमध्ये रिमार्क मारणार. चेअरमनना सोपं पाहिजे, ऑडिटरला अवघड पाहिजे. मी ओटीपीऐवजी फिंगरप्रिंट टाकू म्हणत होतो, तेवढ्याने भागेल का? आणि ते वेगळं लॉगिन, ते करावं की नाही? ज्यांना स्वतःला हे वापरावं लागतं त्यांनी जरा सविस्तर सांगा, गुगलवर सगळं वरवरचं मिळतंय.

---

ठिपके_सहा

मी पूर्ण अंध आहे, लॅपटॉपवर एनव्हीडीए आणि फोनवर टॉकबॅक वापरतो, दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरं. तुम्ही लिहिलंय तसंच लॉगिन असलेली दोन-तीन खाती माझीही आहेत तेव्हा आतून कसं दिसतं, म्हणजे ऐकू येतं, ते सांगतो.

कॅप्चावर गेलो की ऐकू येतं "इमेज". बस्स. शेजारी रिफ्रेशचं चिन्ह असतं त्याला नाव दिलेलं नसतं म्हणून ते "बटन", त्याच्या शेजारी स्पीकरचं असेल तर तेही "बटन". आता कुठलं दाबायचं? चुकून रिफ्रेश दाबला की काही ठिकाणी आधी भरलेला पासवर्डही पुसला जातो. एका साइटवर तर कॅप्चाच्या चित्राच्या वर्णनातच उत्तर लिहून ठेवलं होतं, मला फार आनंद झाला, बॉटलाही झाला असणार.

मग ओटीपी. तुमचा तो ६० सेकंदांचा काउंटर बहुतेक स्क्रीन रीडरला दर सेकंदाला "हे वाच" म्हणून सांगत असणार. म्हणजे मी चौकोन शोधतोय आणि कानात चाललंय एकोणसाठ, अठ्ठावन्न, सत्तावन्न, आणि त्या आकड्यांच्या मध्ये मला ओटीपीचे आकडे ऐकायचे आहेत! एसेमेस उघडला तर टॉकबॅक ओटीपी एक अख्खी संख्या म्हणून वाचतो, चार लाख ब्याऐंशी हजार एकशे सतरा. मग एकेक अक्षर करून परत ऐकायचं, लक्षात ठेवायचं, ॲपवर परत यायचं, तोवर ॲप पहिल्या पानावर गेलेलं. सहा चौकोन म्हणजे सहा वेळा "एडिट बॉक्स", पहिल्यात आकडा टाकला की फोकस आपोआप पुढे उडी मारतो, मी कितव्यात आहे कळत नाही, एखादा आकडा चुकला तर मागे जाऊन पुसणं म्हणजे दिव्यच.

शेवटी काय होतं, फोन शेजारच्या पोराच्या हातात. त्याला पासवर्ड माहीत, ओटीपी माहीत, बॅलन्स माहीत. पोरगा चांगला आहे म्हणून चाललंय. याला तुमचा ऑडिटर सुरक्षित म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार सांगा.

वेगळं लॉगिन अजिबात नको. वेगळं पान काढलं की वर्षभरात ते विसरलं जातं, मुख्य पानाला नवीन सोयी येतात आणि आमचं पान तिथेच, आणि खातं दिव्यांगाचं आहे हे जाहीर होतं ते निराळंच. फसवणाऱ्यांना आयती यादी. एकच दार ठेवा आणि सगळ्यांना जाता येईल एवढं रुंद करा.

---

तटबंदी

सिक्युरिटीत आहे, बँकिंग ॲप तपासणं हेच काम. ऑडिटरची बाजू थोडी मांडतो आणि मग मोडतो.

बॉटची भीती खरी आहे, सभासद क्रमांक सलग असतात, कोणीही स्क्रिप्ट लावून एकेक क्रमांकावर सोपे पासवर्ड मारून बघू शकतो. पण त्यावर उपाय कॅप्चा नाही. २०१७ साली अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या लोकांनी गुगलचा आवाजी कॅप्चा साध्या स्पीच रेकग्निशनने ८५ टक्के वेळा फोडून दाखवला होता, आणि २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठवाल्यांनी ट्रॅफिक लाइट ओळखा वगैरे जो चित्रांचा प्रकार आहे तो शंभर टक्के सोडवणारं मॉडेल दाखवलं. म्हणजे आता मशीन पास होतं आणि माणूस नापास होतो. तुमच्याकडची वाकडी अक्षरं तर त्याहून जुनी गोष्ट. त्याच्याऐवजी सर्व्हरवर काम करा: एका क्रमांकावर चुकीचे प्रयत्न वाढले की प्रत्येक पुढच्या प्रयत्नाला जास्त थांबवा, एकाच आयपीवरून पन्नास वेगवेगळे क्रमांक आले तर अडवा, लीक झालेले पासवर्ड ठेवूच देऊ नका, नवीन फोनवरून लॉगिन झालं की सभासदाला कळवा. यातलं काहीच सभासदाच्या डोळ्यांवर किंवा बोटांवर अवलंबून नाही.

पेस्टचं म्हणाल तर अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेच्या गाइडलाइनमध्ये २०१७ पासून लिहिलंय की पासवर्ड पेस्ट करू द्या, दर काही दिवसांनी बदलायला लावू नका आणि ती चिन्हं-आकड्यांची सक्ती करू नका. पेस्ट बंद केली की पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ठेवणारं ॲप, मरतो आणि माणूस नावापुढे १२३ लावून मोकळा होतो. दर ४५ दिवसांनी १२४. ओटीपीलाही तिथे दहा मिनिटांपर्यंत मुदत चालते, ६० सेकंद कोणी कुठून काढले देव जाणे. ओटीपी एकदाच चालणारा असेल आणि पाच चुकांनंतर रद्द होत असेल तर पाच मिनिटं दिल्याने काही आभाळ कोसळत नाही.

एक मात्र नक्की, दुसरा फॅक्टर, म्हणजे पासवर्डशिवायचा ओटीपीसारखा दुसरा पुरावा, काढू नका. दिव्यांग सभासद आहेत म्हणून त्यांना नुसत्या पासवर्डवर आत सोडायचं हा सगळ्यात वाईट पर्याय, कारण फसवणुकीचे फोन त्यांनाही येतातच.

माझं मत विचाराल तर पासकी द्या. सभासदाच्या फोनमध्ये एक गुप्त की तयार होते, ती फोनबाहेर तुमच्या सर्व्हरकडे कधीच जात नाही, लॉगिनच्या वेळी सर्व्हर एक आकडा पाठवतो आणि फोन त्यावर सही करून परत देतो. सभासद करतो काय, तर फोन जसा उघडतो तसा उघडतो, बोटाने, चेहऱ्याने, पिनने, पॅटर्नने, ज्याला जे जमेल ते. टाइप करायला काही नाही, लक्षात ठेवायला काही नाही, फोनवर कोणाला सांगायलाही काही नाही. आणि ती की तुमच्या डोमेनला, म्हणजे साइटच्या पत्त्याला, बांधलेली असते त्यामुळे नकली साइटवर चालतच नाही, जे ओटीपीचं होत नाही, ओटीपी माणूस कुठेही टाकतो. अँड्रॉइड ९ पासून पुढे आणि आयफोनला आयओएस १६ पासून चालतं.

म्हणून नुसतं "फिंगरप्रिंट टाकू" असं करू नका. फोनच्या लॉकवर सोडा, बोटच हवं असा हट्ट नको.

---

ठिपके_सहा

तटबंदी साहेब बाकी सगळं मान्य पण तुमच्याच जातभाईंना एक विचारायचंय. एका बँकेचं ॲप अपडेट झालं आणि उघडलं की म्हणायला लागलं तुमच्या फोनमध्ये संशयास्पद सेवा चालू आहे, ती बंद करा. ती सेवा म्हणजे टॉकबॅक! ती बंद केली तर मला फोनच वापरता येत नाही आणि चालू ठेवली तर ॲप उघडत नाही. कस्टमर केअरवाल्या ताई म्हणाल्या सर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा ना. हे कोणाच्या डोक्यातून येतं?

---

तटबंदी

आमच्याच. कारण सांगतो, पटलं नाही तरी चालेल. अँड्रॉइडवरचे पैसे चोरणारे बरेच मालवेअर (घातक ॲप) ॲक्सेसिबिलिटी सर्व्हिसची, म्हणजे दिव्यांगांच्या सहायक साधनांसाठी असलेली, परवानगी मागतात, कारण ती मिळाली की स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि बटनंही दाबता येतात, म्हणजे टॉकबॅकला जे लागतं नेमकं तेच. लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲप बसवायच्या फाइली, फिरतात त्यातले काही असलेच. मग कोणीतरी सोपा मार्ग काढतो, अशी कुठलीही सेवा चालू दिसली की ॲप बंद. चोर दारातून येतो म्हणून दारच बुजवायचं.

पण हे आता करायची गरजही नाही. अँड्रॉइडमध्ये खऱ्या सहायक साधनांना "मी ॲक्सेसिबिलिटी टूल आहे" अशी खूण असते, आणि अँड्रॉइड १४ पासून ॲप बनवणाऱ्याला स्क्रीनवरचा एखादा भाग संवेदनशील म्हणून ठरवता येतो, मग तो भाग फक्त ती खूण असलेल्या साधनांनाच दिसतो. रंकाळा, तुम्ही पासवर्ड आणि ट्रान्सफरच्या पानांना ते लावा. जुन्या फोनसाठी कुठलं पॅकेज चालू आहे ते तपासा, टॉकबॅक ओळखीचं आहे त्याला सोडा. सरसकट बंदी घालणारं सिक्युरिटी किट कोणी विकायला आलं तर आधी टॉकबॅक लावून दाखवा म्हणावं.

---

माई_सातारा

दादा मी टेक्निकल नाही पण माझं वाचा. माझा मुलगा २३ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी, डोकं एकदम तल्लख, सीएच्या ऑफिसात घरून काम करतो. हाताला झटके येतात. तो कोड्याचा तुकडा सरकवून जागेवर बसवायचा कॅप्चा येतो ना तो त्याच्याने होतच नाही, बोट मध्येच उचललं जातं की परत पहिल्यापासून. फिंगरप्रिंटचं यंत्र म्हणतं बोट स्थिर ठेवा, ते स्थिर राहत असतं तर काय हवं होतं! आणि एका ठिकाणी खातं उघडताना चेहरा चौकटीत ठेवा, आता डावीकडे वळा, आता डोळे मिचकावा, असं सुरू झालं, याची मान त्या वेगाने वळत नाही, मशीन म्हणालं "खरी व्यक्ती नाही". तो हसला पण मला फार लागलं ते.

त्याला वेळ मिळाला तर तो सगळं स्वतः टाइप करतो. हळू करतो पण बरोबर करतो. दोन मिनिटांत बाहेर काढणं बंद करा एवढंच केलंत तरी त्याच्यासारख्यांचं अर्धं काम होईल. आणि पिन टाकायची बटनं जरा मोठी, एकमेकांपासून लांब ठेवा. काही ठिकाणी त्या पिनच्या बटनांवरचे आकडे दरवेळी जागा बदलतात, सुरक्षेसाठी म्हणे, त्याने तर त्याला शोधत बसावं लागतं. तुम्ही म्हणता ती पासकी पिनने पण चालते का? म्हणजे बोट आणि चेहरा दोन्ही नको असेल तर?

---

तटबंदी

हो माई, चालते. फोन उघडायला जो पिन तो ठेवतो त्याच पिनने. आयफोन असेल तर एक लक्षात ठेवा, फेस आयडीत स्क्रीनकडे बघण्याची अट सेटिंगमधून काढता येते, ज्यांना नजर स्थिर ठेवता येत नाही त्यांना त्याचा उपयोग होतो. त्याने सुरक्षा थोडी कमी होते हे खरं, झोपलेल्या माणसासमोर फोन धरून उघडता येऊ शकतो, पण तो निर्णय त्याचा त्याने घ्यायचा.

---

काळा_कोट_पुणे

ते डोळे मिचकावण्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय आणि निकालही लागलाय, माईंनी जरूर वाचावा. प्रज्ञा प्रसून या ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या, त्यांना केवायसीत डोळे मिचकावता आले नाहीत म्हणून बँकेने अडवलं. त्यांची याचिका आणि अमर जैन यांची, ते स्वतः अंध वकील आहेत, अशा दोन्ही एकत्र ऐकून न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिला. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं त्यात स्पष्ट म्हटलंय आणि २० निर्देश दिलेत. जिवंत माणूस आहे हे ओळखायला मिचकावण्याशिवाय दुसरे मार्ग असले पाहिजेत, ॲक्सेसिबिलिटीचं ऑडिट वेळोवेळी झालं पाहिजे, आणि ॲप आणण्याआधीच्या चाचणीत अंध लोकांना घेतलं पाहिजे, हे सगळं त्यात आहे.

आता पतसंस्था म्हणतील आम्ही सहकार खात्याखाली, आम्हाला रिझर्व्ह बँकेचं काय. निर्देश मुख्यतः सरकार, रिझर्व्ह बँक आणि त्यांच्या कक्षेतल्या संस्थांना आहेत हे बरोबर. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही धरतं, त्यामुळे चेअरमन साहेबांनी त्या भरवशावर राहू नये.

ऑडिटरला कागद हवा असतो, तर वेब ॲक्सेसिबिलिटीचं (साइट दिव्यांगांनाही वापरता यावी यासाठीचं) डब्ल्यूसीएजी २.२ हे आंतरराष्ट्रीय मानक दाखवा, ऑक्टोबर २०२३ चं आहे. त्यात ३.३.८ कलम खास लॉगिनवर आहे: पासवर्ड आठवणं, अक्षरं बघून उतरवणं, कोडं सोडवणं अशी बौद्धिक परीक्षा सक्तीची करता येत नाही, दुसरा मार्ग किंवा मदत द्यावी लागते. पासवर्ड मॅनेजर आणि पेस्ट चालू ठेवणं ही त्यात मदत म्हणून धरली जाते, म्हणजे पेस्ट बंद करून दुसरं काहीच दिलं नाही तर तुम्ही तिथेच नापास. वेळेबद्दल २.२.१ आहे, सेशन संपण्याआधी सूचना द्या आणि एका साध्या क्लिकने वाढवायला निदान २० सेकंद द्या. आपल्याकडचं आयएस १७८०२ हे याच विषयावरचं भारतीय मानक पण आहे, पण सुरुवात इथून करा, वाचायला सोपं.

---

शांत_बसा_कोणीतरी

बहिऱ्यांना सगळे विसरतात म्हणून लिहितोय 😄 मला लॉगिन जमतं. ओटीपी एसेमेसवर आला की झालं. अडतं कुठे, तर खातं लॉक झाल्यावर. "आमच्या हेल्पलाइनला फोन करा." कसा करू? बायकोला फोन करायला लावला तर खातेदारांना फोन द्या म्हणतात. मी फोन घेऊन काय करणार, नमस्कार?

काही ठिकाणी एसेमेस आला नाही की "कॉलवर ओटीपी मिळवा" एवढंच उरतं. ईमेलचा पर्याय ठेवा, चॅट ठेवा, शाखेत गेल्यावर लिहून काम होईल असं ठेवा. आणि व्हिडिओ केवायसीत समोरचा माणूस मान खाली घालून स्क्रिप्ट वाचतो, ओठ दिसत नाहीत, त्याला चॅटमध्ये प्रश्न टाइप करायला काय जातं? आमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली भाषा खुणांची आहे तेव्हा एरर मेसेज सरकारी मराठीत नको. "आपले प्रमाणीकरण अयशस्वी झाले आहे" याच्याऐवजी "पासवर्ड चुकला. पुन्हा टाका." असं लिहा ना.

आणि ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, ब्रेल डिस्प्लेवर वाचतात, त्यांना चित्राचा कॅप्चा गेला आणि आवाजाचाही गेला. म्हणून कॅप्चाला स्पीकरचं बटन लावलं की झालं असं समजू नका.

---

तटबंदी

वरचा मुद्दा सिक्युरिटीच्या दृष्टीनेही मोठा आहे. पुढचं दार कितीही भक्कम केलंत तरी चोर "पासवर्ड विसरलात?" मधूनच येतो. आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव असले प्रश्न काढून टाका, ते अख्ख्या गावाला माहीत असतं. खातं उघडतानाच दोन मार्ग नोंदवून घ्या, आणि पासकी निदान दोन ठिकाणी, किंवा एक पासकी आणि एक छापील रिकव्हरी कोड, ज्याला हवा त्याला ब्रेलमध्ये.

---

रंकाळा_कोड

एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आज आमच्याकडे बसून ठरवलं ते लिहितो. कॅप्चा जातोय, सर्व्हरवरच्या मर्यादा येतायत. ऑडिटरला डब्ल्यूसीएजी आणि एनआयएसटी दोन्हीची पानं पाठवली, तो म्हणाला लेखी द्या, दिलं. पासवर्डची ४५ दिवसांची अट चेअरमननी स्वतःच काढायला सांगितली, त्यांनाही त्रास होत होता म्हणे. ओटीपीचा एकच चौकोन, पाच मिनिटं, आणि त्याला वन-टाइम-कोडची खूण लावली म्हणजे कीबोर्डच वर सुचवेल. त्यासाठी एसेमेसच्या शेवटी एक ओळ वाढवायची म्हणून डीएलटीवर, म्हणजे कंपन्यांच्या एसेमेसचा मजकूर नोंदवायच्या यंत्रणेवर, टेम्प्लेट नव्याने मंजूर करून घ्यावं लागतंय, त्यात किती दिवस जातील कोण जाणे. सेशन संपण्याआधी विचारणार. वेगळं लॉगिन नाही.

अडलंय ते पासकीवर. आमच्याकडे घरात एकच स्मार्टफोन असलेले सभासद खूप, त्याचा पिन सगळ्या घराला माहीत. आणि काही जणांना खरंच मदतनीस लागतो, त्यांचं काय? पुतण्याला पासवर्ड देऊ नका म्हटलं तर ते वापरणारच नाहीत.

---

तटबंदी

सामायिक फोनवर पासकी नको, जो फोन उघडेल तो आत जाईल. तिथे ओटीपी ठेवा, शिवाय ॲपचा स्वतःचा वेगळा पिन, आणि परवडत असेल तर यूएसबी किंवा एनएफसीची छोटी सिक्युरिटी की, म्हणजे पासकी साठवणारं किल्लीएवढं उपकरण, फोनला जोडली किंवा टेकवली की काम होतं. संस्थेने थोड्या घेऊन मागेल त्याला द्यायला हरकत नाही. फक्त त्या कीवर पिन लावायला सांगा, नाहीतर हरवली की पंचाईत.

मदतनिसाला मात्र स्वतःचं लॉगिन द्या. सभासद शाखेत येऊन सांगेल की पुतण्याला फक्त बॅलन्स आणि पासबुक दिसू दे, पैसे हलवता येऊ नयेत. पुतण्या स्वतःच्या नंबरने, स्वतःच्या ओटीपीने येईल, कोण कधी आलं याची नोंद राहील आणि सभासदाला वाटलं तर एका बटनाने बंद. बदल केला की सभासदाला मेसेज जायलाच हवा.

---

माई_सातारा

आमच्या शाखेला तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प नाही. तेव्हा "शाखेत येऊन" याला पण दुसरा मार्ग ठेवा हो.

---

ठिपके_सहा

रंकाळा, टेस्ट बिल्ड झाली की इथेच सांगा, मी टॉकबॅकवर आणि माझा मित्र ब्रेल डिस्प्लेवर बघेल. तुमच्या संस्थेतल्या त्या सभासदांनाही बसवा, आणि बसवाल तेव्हा त्यांच्या वेळेचे पैसे द्या, चहावर भागवू नका. आधी तो काउंटर गप्प करा. दर सेकंदाला नको, शेवटचं एक मिनिट उरलं की एकदा सांगितलं तरी पुरे. आणि पासवर्ड दाखवायच्या डोळ्याच्या चिन्हाला नाव द्या, नाहीतर ते पण "बटन".

---

रंकाळा_कोड

डोळ्याला नाव देऊन झालं. काउंटर उद्या. रॅम्पचा विषय मी संचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलाय, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.